कडूताई आणि गुळाचा खडा

काळी कॉफी इतकं तोंड वाकडं करून पिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि इतक्या निष्ठेनं पिणारंही! हिंजवडीच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसायची. अकोल्याची, अंगानं चांगली भरलेली. आम्ही तिला कडूताई म्हणायचो.

"अहो, कशाला छळता जिवाला?" मी एकदा विचारलं.

"भावाले किडनी द्याची हाय न जी. डॉक्टर म्हणते, बाकी सारं जुळलं, पण आधी वजन उतरवा."

धाकटा भाऊ डायलिसिसवर होता. एक जिना चढला की मटकन खाली बसायचा. कुणीतरी हिला सांगितलं, काळी कॉफी चरबी वितळवते. झालं! भूक लागली की कॉफी, कंटाळा आला की कॉफी. हात थरथरायला लागले, झोप उडाली, आणि वजनाचा काटा ढिम्म हलेना. एकदा तर बिचारी भर ऑफिसात रडली.

शेवटी मीच तिला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाई अस्सल पेठेतल्या.

"कॉफीबरोबर काय खाता?"

"काहीच नाही जी. तोंड कडू होते म्हणून गुळाचा खडा."

"प्रत्येक कपाला?"

"हाव. साखर तं कवाचीच सोडली!"

बाईंनी चष्मा काढला. "वा! साखर सोडून गूळ धरलात. कॉफीनं भूक जरा वेळ दबते, चालायला हुरूप येतो, बस. चरबी तुम्हालाच उतरवायची आहे. दुपारनंतर कॉफी बंद, ताटात बेताचं, रात्री झोप. आणि गूळ संक्रांतीला."

मग कडूताईनं जे मनावर घेतलं, विचारू नका! सकाळी एक कप कॉफी पिऊन निघायची आणि कंपनीची बस ऑफिसच्या अलीकडच्या पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकली की सरळ उतरून चालायला लागायची. पोचायची आमच्या आधी! "ताई, बसला धक्का मारा!" आम्ही खिडकीतून ओरडायचो. ती नुसता हात उडवायची. महिन्यामहिन्यानं तिचे कपडे सैल होत गेले.

एका सकाळी पुढे गेलेली ती पळत मागे आली आणि बसच्या पत्र्यावर थापा मारायला लागली. हातात फोन. "हो म्हणले! डॉक्टर हो म्हणले बाप्पा!" अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरनं हॉर्न दाबूनच धरला. मला नाचावंसं वाटलं, आणि नाचलोही!

ऑपरेशन छान पार पडलं. काही महिन्यांनी नोकरी सोडून अकोल्याला जायच्या आधी ती भावाला घेऊन आमचा निरोप घ्यायला आली. त्या दिवशीही बस पुलाजवळ अडकलेलीच. खिडकीतून पाहतो तर दोघं रस्त्याच्या कडेनं चालत येतायत. भाऊ झपाझप पुढे, आणि मागून आमची कडूताई धापा टाकत ओरडतेय, "अरे, हळू चाल न रे बाप्पा!"