पडद्यावरची नवरी

डोंगरातल्या त्या गावात रेशमाचे कोष साठवायची एक जुनी वखार होती. रेशमाचा धंदा बुडाला, वखार तेवढी उरली, आणि पुढे तिचंच संग्रहालय झालं. त्याची किल्ली नुमाझावा शिगेच्या कमरेला असायची. झाडलोट तीच करायची, तिकिटं तीच फाडायची आणि हातमागापाशी उभी राहून माहितीही तीच सांगायची. पाहुणे जांभया द्यायला लागले की वाक्य अर्ध्यावर टाकून त्यांना मागच्या अंधाऱ्या खोलीत न्यायची. तिथे एका सिनेमाचा तुकडा दाखवत.

शिगेला नुकतं अठरावं लागलं होतं तेव्हा तोक्योहून सिनेमावाले आले होते. त्यांना बर्फातून चालत जाणारी नवरी हवी होती. गावातल्या पोरींमधून त्यांनी शिगेला उचललं, तोंडाला पांढरा रंग थापला, कपाळावर रुंद पांढरा पट्टा बांधला आणि हातात लाल छत्री दिली. छत्रीची एक काडी मोडून लोंबत होती, ती कुणाच्या लक्षातच आली नाही. नवरदेव होणारा नट तापाने फणफणून धर्मशाळेत पडला होता. मग दिग्दर्शकाने तिला एकटीलाच चालवलं. बाकीचा सिनेमा लोक विसरले, पण गाव दिसतं म्हणून एवढा तुकडा मागून आणला होता.

तो बघून बाहेर आलेला एखादा पाहुणा हमखास म्हणायचा, नवरा रुबाबदार आहे हो, पण मान खाली घालून का चालतो? पहिल्यांदा शिगे हसली होती. अंधारातून डोळे दिपले असतील म्हणून सोडून दिलं. पण कुठकुठल्या गावची, एकमेकांना न ओळखणारी माणसं तेच विचारायला लागली. काळा अंगरखा घातलेला, मान खाली, नवरीच्या एक पाऊल मागे. शिगेने स्वतः तो तुकडा किती वेळा पाहिला असेल देव जाणे. तिला बर्फ दिसायचा, छत्री दिसायची, आणि आपण एकट्या दिसायचो.

तिचं लग्न झालं नाही. स्थळं आली नाहीत असं नव्हे. लाकूडगिरणीतल्या मुलाशी जमलं, तो ओंडक्याखाली सापडून पांगळा झाला. शाळामास्तराशी जमलं, त्याने अंथरूण धरलं ते सोयरीक मोडेपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर कुणी तिच्या दाराकडे फिरकलं नाही. त्या भागात लग्नाला मुकासारी म्हणतात. जुनी माणसं सांगतात, त्या शब्दाच्या पोटात ‘न्यायला येणं’ आहे. शिगेला न्यायला कोणी आलं नाही, असं गाव म्हणायचं.

मग म्हातारपणी यासुहेई आला. ओकुयामा यासुहेई, पर्यटकांची बस चालवणारा विधुर. सकाळी देवळं, दुपारी गरम पाण्याचे झरे आणि शेवटी संग्रहालय, असा त्याचा फेरा. पाहुणे आत असले की तो ओट्यावर बसून शिगेच्या हातचा चहा प्यायचा आणि मुळ्याचं लोणचं खायचा. एका गुरुवारी लोणचं चावता चावताच म्हणाला,

“शिगे-सान, मी एकट्यापुरता अळकुड्यांचा रस्सा करतो, तो तीन दिवस पुरतो. तिसऱ्या दिवशी अगदी तोंडात घालवत नाही. तुम्ही आलात तर दीड दिवसात संपेल.”

“म्हणजे शिळं खायला माणूस हवंय तुम्हाला.”

“ताजं खायला हवंय. शिळं मी खाईन की.”

ती विचार करते म्हणाली. त्याच आठवड्यात यासुहेई बसच्या पायरीवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. मागून कोणीतरी कोट ओढल्यासारखं झालं, असं तो हसत सांगत होता. मनगट बरं झालं. शिगेने होकार दिला. दुसऱ्याच दिवशी घाटाच्या वळणावर बस दरीकडे वळली, ती कशीबशी काठावर थांबली. या वेळी यासुहेई हसला नाही. म्हणाला, चाकावर माझ्या हातावर आणखी एक हात होता, गार. शिगेने मनाशी ठरवलं की याला आता नाही म्हणायचं. कोणामुळे ते कळत नव्हतं, पण आपल्यापायी हा माणूस मरणार, एवढं कळत होतं.

त्याच सुमारास वरच्या गावातल्या देवळाचं छप्पर काढलं, आणि तिथली चित्रं सांभाळायला म्हणून तिच्याकडे आली. ही चित्रं त्या भागातली प्रत्येक आई ओळखते. पोरगा बिनलग्नाचा गेला की चित्रकाराकडून त्याचं लग्न काढून घ्यायचं, शेजारी नवरी बसवायची आणि देवळात टांगायचं. तिकडे तरी त्याचा संसार होतो. पथ्य एकच, आणि ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नवरीचा चेहराही मनाने काढायचा, नावही मनाने घालायचं. जित्या पोरीचा चेहरा काढला, तर तो तिला न्यायला येतो.

शिगे काचेवरची धूळ पुसत होती. एका चित्रात बर्फ पडत होता. नवरीच्या हातात लाल छत्री होती, आणि छत्रीची एक काडी लोंबत होती. शिगेने फडकं खाली ठेवलं. नवरीच्या डाव्या भुवईत विळ्याचा व्रण होता. लहानपणी गवत कापताना लागलेला तो व्रण शिगेने आपल्या बोटाने चाचपला. नवरीच्या एक पाऊल मागे, मान खाली घालून, काळ्या अंगरख्यातला मुलगा उभा होता. खाली नाव होतं, कानबे सेइजी.

ती चित्र फडक्यात गुंडाळून वरच्या गावी गेली. सेइजीची थोरली बहीण तोमे ओसरीवर पर्सिमनची फळं सोलून वाळवायला दोरीला बांधत होती. तिने चित्र पाहिलं, मग शिगेची भुवई पाहिली, आणि सुरी खाली ठेवली.

“म्हणजे तू माझी भावजय. एवढ्या वर्षांनी आलीस व्हय दारात?”

शिगेला हसू आलं नाही. तिने विचारलं, हे कसं झालं? तोमेने खालच्या आवाजात सांगितलं. सेइजी हिमकड्याखाली गेला तेव्हा त्याच्या आईला दुसरं काही सुचेना. गावच्या सिनेमाघरात तिने तो सिनेमा पाहिला, नवरी मनात भरली, आणि दारावर लावलेला फोटो मागून घेऊन तिने चित्रकाराला दिला. चित्रकाराने विचारलं होतं, ही बाई कोण? आई म्हणाली, सिनेमातली आहे, खरी नव्हे.

“आईला वाटलं, पडद्यावरची माणसं काय जिती असत्यात व्हय? दिवा लागला की नाहीशी होत्यात. तिला वाटलं, मनाने काढलेल्या बाईपेक्षा ही बरी, हिला निदान चालता तरी येतं.”

तोमेने सुरी पुन्हा उचलली. दोरीवरची फळं वारा नसताना हलत होती.

देवळातल्या भटजीबुवांनी सांगितलं की नुसतं जाळू नका. आज जाळलंत तर उद्या तो बायको शोधत फिरेल. आधी त्याला दुसरी द्या. मग तोमेने नवं चित्र काढून घेतलं. चित्रकार म्हातारा होता. चित्र संपेपर्यंत त्याने घरातल्या बायकांना समोर येऊ दिलं नाही. नवरीचा चेहरा कोणासारखाच नव्हता. सेइजीची मान मात्र, तोमेच्या सांगण्यावरून, वर काढली. छप्पर झाल्यावर ते चित्र देवळात टांगलं, आणि अंगणात जुनं जाळलं. छत्री पटकन पेटली, चेहरा उशिरापर्यंत धरून राहिला. शिगे हात जोडून म्हणाली, “आपलं इतकी वर्षं बरं चाललं हो. आता तुम्ही तिकडे जा.”

त्यानंतरच्या गुरुवारी यासुहेईचे पाहुणे सिनेमाचा तुकडा बघून बाहेर आले. शिगे दारात कान देऊन उभी होती. एक बाई म्हणाली, बिचारी नवरी, एकटीच चाललीय. शिगेला रडू फुटलं, आणि त्या बाईला वाटलं सिनेमाचंच रडतेय.

पाहुण्यांना स्टेशनवर सोडून यासुहेई संध्याकाळी परत आला. शिगेचं गाठोडं तयार होतं. त्याने हाक मारली, “न्यायला आलो हो.” ती आत चढून पुढच्या बाकावर बसली. बस सुरू करून त्याने वरच्या आरशात पाहिलं, आणि त्याचा हात थांबला.

“शिगे-सान, एक पाहुणे राहिलेत की काय मागे? मी तर सगळे मोजून उतरवले होते.”

शिगेने मागे वळून पाहिलं. बाकं रिकामी होती. शेवटच्या खिडकीच्या काचेवर मात्र आतून वाफ धरली होती, कोणी तोंड टेकून बसावं तशी. तिला न्यायला सेइजी आलाच होता, नेहमीसारखा. त्याला नवं घर सांगायचं मात्र सगळे विसरले होते.

“मान खाली आहे का त्यांची?”

“हो.”

“मग त्यांना वरच्या गावच्या देवळापाशी सोडू या,” ती मोठ्याने, मागे ऐकू जाईल असं म्हणाली. “त्यांची बायको तिथे वाट बघतेय. त्यांना रस्ता ठाऊक नाही.”

यासुहेईने बस वळवली. चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून तो घाट चढला. देवळापुढे बस थांबवून त्याने मागचं दार उघडलं. बर्फाचा वास आत आला, अजून हिवाळा लागला नव्हता तरी. शिगे समोर बघत बसून राहिली. दार बंद झालं.

“उतरले?” तिने विचारलं.

यासुहेईने आरशात बराच वेळ पाहिलं. मागच्या काचेवरची वाफ हळूहळू विरत होती.

“उतरले,” तो म्हणाला. “जाताना मान वर केली त्यांनी. पोरगाच आहे हो अगदी.”