पडदा गोठवला नाही ती दुपार

निहार, सई,

परवा निहारने वाढदिवसाला फ्लाइट सिम्युलेटर मागितला आणि तुमच्या बाबाने फोनच ठेवून दिला. तो सांगणार नाही, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही मी भूत वगैरे म्हणत नाही. घडलं तेवढं सांगते.

तुमच्या जन्माआधी बाबा पायलट होता. इंजिन बंद पडल्यावर विमान सावरण्याच्या परीक्षेत एकदा नापास झालेला. पुन्हा झाला असता, तर नोकरी गेली असती. रजा घेऊन तो गावी, नंदिगड्ड्याला माझ्याकडे आला आणि माडीवर सराव मांडला — कॉम्प्युटर, साधी लाकडी खुर्ची, पायाशी प्लास्टिकची पेडल्स. कमरेला पट्टासुद्धा नाही.

"एवढ्याने खरं वाटतं?" मी विचारलं.

"खुर्ची हलायची गरज नसते, आई. हात योग्य क्रमाने चालले की पुरे."

सुपारी सोलायला येणारी गंगू दारातून म्हणाली, "इमान उडतंय का नुसतंच बोंबलतंय वो, धाकलं सायब?"

"तू बस मागे, मग कळेल!"

चेकलिस्ट मी वाचायची. विमान आदळणार असं दिसलं, की एक कळ दाबून पडदा गोठवायचा. त्याचे प्रशिक्षक तसंच करायचे. धडक कधी होऊच देत नसत.

त्या दुपारी, सव्वातीनला, तो म्हणाला, "आज गोठवू नकोस. ती कळ आहे हे ठाऊक असतं, म्हणून इथे भीतीच वाटत नाही. खऱ्या विमानात मात्र हात थिजतात."

मी ऐकलं. ती चूक माझी.

उड्डाण झालं, इंजिन बंद पडलं. पडद्यावर झाडं अंगावर आली. "आई, डोकं खाली!" तो ओरडला — आणि धाडकन... तो आवाज स्पीकरचा नव्हता, हाडांचा होता. त्याचं शरीर पुढे फेकलं गेलं आणि मध्येच अडकलं, कुणी मागून आवळून धरावं तसं. तोंडातलं रक्त पडद्यावर उडालं. दोन्ही घोटे उलटे वळले. शेजारी उभ्या असलेल्या मला साधा धक्काही बसला नाही. खुर्ची तसूभर सरकली नव्हती, पेडल्सवर ओरखडा नव्हता.

गंगू धावत आली. "अक्का, ह्यास्नी कुणी मारलं?"

"कुणी नाही गं..."

"कुणी न्हाई कसं? हाड भाईर आलंय की!"

दवाखान्यात शर्ट कापला. दोन्ही खांद्यांपासून कमरेपर्यंत जांभळे वळ, पायलट विमानात बांधतात तसल्या पट्ट्यांचे. डॉक्टरांनी विचारलं, "गाडी कुठे धडकली?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी कागदावर 'जिन्यावरून पडला' असं लिहिलं.

त्या दिवशी कुठे विमान पडलं का, हेही मी शोधलं. नव्हतं पडलं. इतक्या वर्षांत उत्तर मिळालेलं नाही. बाबा पुन्हा उडाला नाही. पण तो वाचला, काठीशिवाय चालतो. वळ अजून आहेत.