येरोवर हसणारं गाव

दिकोरेच्या हाताला जेवढं वळण होतं, तेवढीच तिच्या जिभेला धार होती. नदीकाठच्या वुरो-बोकी गावात किंवा आसपासच्या वस्त्यांत कुणा मुलीचं लग्न ठरलं की पहिला निरोप तिला जायचा. नवरीला पुढ्यात घेऊन ती सकाळी बसायची ती उन्हं कलेपर्यंत. बारीक बारीक वेण्या, मधोमध उभा तुरा, कानांवर अंबराचे पिवळे मणी. हात चालायचे तसं तोंडही चालायचं, मधूनच लग्नाचं गाणं. सासू किती चिक्कू आहे, सासरा तरुणपणी कुणाच्या झोपडीमागे सापडला होता, सगळं ती नवरीच्या कानात घालायची. नवरी हसून हलली की डोक्यात टपली. "हलू नकोस गं! वेणी वाकडी झाली तर तो म्हणेल बायकोच वाकडी दिली."

ती विणकरांच्या घरातली. फुलानी जमातीच्या गुराख्यांच्या गावात विणकरांकडे गुरं नसतात, मान नसतो, पण बोलायची मुभा असते. गावप्रमुख अल्लायबाबांनाही ती भर लग्नात चिडवायची आणि ते हसत हसत तिला लुगड्याएवढं कापड द्यायचे. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा जुल्दे. मागाचे दिवस सरलेत हे ओळखून त्याने शिलाई मशीन घेतलं होतं आणि आठवडी बाजारात चिंचेखाली तो झगे शिवत बसायचा. आईची जीभ त्याच्याकडेही आली होती.

येरो पहिल्यांदा आला तो याच बाजारात. दोन मोटरसायकली, चार पोरं आणि त्या सगळ्यांत मिळून एक बंदूक. येरो काही परका नव्हता. पलीकडच्या वस्तीतल्या गुराख्याचा मुलगा, दोन-तीन वर्षं कुठे वाळवंटाकडे जाऊन आलेला. विजारीचे पाय आखूड, दाढी विरळ. मशिदीपुढच्या ओट्यावर उभा राहून त्याने सांगायला सुरुवात केली. लग्नात ढोल वाजवायचे नाहीत. बायकांनी डोकी झाकायची. सरकारला चराईचा कर द्यायचा नाही. कराचं ऐकून चार माणसं थांबली, तेवढ्यात गर्दीतून दिकोरेचा आवाज आला.

"अरे येरो! सुंतेच्या दिवशी माझ्या रांजणामागे लपला होतास, तोच ना तू? तुझ्या मामाने पाय धरून ओढून काढला होता तुला!"

बाजार हसला.

"मावशी, मी देवाचं सांगतोय," येरो म्हणाला.

"सांग की. पण विजार तेवढी पुरी शिवून घे माझ्या पोराकडून. देवाला काय वाटेल, ह्याला कापडच पुरलं नाही!"

बंदूकवाला पोरगासुद्धा हसला. येरोच्या कानाच्या पाळ्या तापल्या, मग त्यालाही हसू फुटलं, आणि चौघेही मोटरसायकलींवर बसून धुरळा उडवत निघून गेले. अल्लायबाबांनी मागाहून निरोप धाडला की या गावात मुक्काम करायचा नाही. त्या वर्षी वुरो-बोकीतून त्यांच्याकडे गेला तो एकच, नूह नावाचा आळशी पोरगा. बाजरीची कापणी व्हायच्या आत तोही परत आला. म्हणाला, तिकडे जेवायलाच मिळत नाही.

म्हणजे येरो ही तेव्हा हसण्यावारी न्यायची गोष्ट होती.

पुढच्या उन्हाळ्यात नदीचं पाणी ओसरून चराईची हिरवी कुरणं उघडी पडली आणि येरोच्या लोकांनी कुठल्याशा रस्त्यावर लष्कराची गाडी उडवली. तो रस्ता वुरो-बोकीपासून दिवसभराच्या वाटेवर. पण लष्कराचे ट्रक आले ते आठवडी बाजाराच्या दिवशी, वुरो-बोकीतच. बाजाराला दोन्हीकडून वेढा पडला. मुंडासं बांधलेले, दाढीवाले, आखूड विजारीचे पुरुष वेगळे काढले. उन्हात गुरं राखणारा कुठला माणूस मुंडासं बांधत नाही? वेगळ्या काढलेल्यांत अल्लायबाबा होते. दिकोरेच्या शेजारणीचे, टाक्कोचे, दोन मोठे मुलगे होते. जुल्दे त्या दिवशी शेजारच्या गावी लग्नाचे कपडे पोचवायला गेला होता, म्हणून वाचला. त्याचं मशीन मात्र ट्रकखाली गेलं.

दिकोरे बायकांच्या घोळक्यातून बाहेर पडली आणि थेट अधिकाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. आजवर एकही माणूस असा भेटला नव्हता, ज्याला ती बोलून वळवू शकली नव्हती.

"साहेब, हा म्हातारा बांधलायत ना, यानेच त्या पोरांना गावातून हाकललंय. ह्या टाक्कोच्या पोरांनी येरोच्या तोंडावर त्याची नक्कल केली होती. साऱ्या गावाने हसून घालवला त्याला. तुम्हाला येरो हवाय ना? मग ह्यांना सोडा, हेच तुमच्या कामाचे आहेत."

अधिकारी दक्षिणेकडचा, त्याला फुलानी भाषेचं अक्षर कळत नव्हतं. त्याने शेजारच्या शिपायाकडे पाहिलं. शिपायाने दोन-चार शब्दांत काहीतरी सांगितलं. अधिकाऱ्याने खांदे उडवले, काहीतरी उत्तर दिलं आणि ट्रक सुरू झाले.

काय बोलणं झालं ते तिला चघळायची कोलाची फळं विकणाऱ्या म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याला अधिकाऱ्याची भाषा येत होती. शिपाई म्हणाला होता, "ही म्हणते तो म्हातारा तिचा नातेवाईक आहे." आणि अधिकारी म्हणाला होता, "प्रत्येक जण कुणाचा तरी नातेवाईक असतोच."

नेलेली माणसं बाजरीच्या शेतांपलीकडे, कोरड्या पडलेल्या विहिरीत सापडली. गिधाडांनी जागा दाखवली.

मातीला लष्कर आलं नाही, सरकारचं कुणी आलं नाही. आला तो येरो. या वेळी भाषण नाही, देवाचं नाव नाही. त्याने आणि त्याच्या पोरांनी फावडी घेतली आणि भर उन्हात खड्डे खणले. तांदळाची पोती उतरवली. टाक्कोच्या अंगणात येऊन तो जमिनीवर बसला.

दिकोरे कुडाशी उभी होती. तिच्या ओठांवर आलंच होतं, "काय रे येरो, आज रांजण नाही का सापडला लपायला?" आणि ती ते बोललीही, पण हळू, सवयीने.

कुणी हसलं नाही. टाक्कोने मान वर केली. "दिकोरे, घरी जा."

पंधरवडा उलटायच्या आत टाक्कोने आपला उरलेला मुलगा स्वतः येरोच्या मोटरसायकलवर बसवून दिला. आळशी नूह पुन्हा गेला, आणि या वेळी परत आला नाही. लग्नं ठरलेली पोरं गेली. ज्यांच्या होणाऱ्या बायकांच्या वेण्या घालायला दिकोरेला निरोप यायचा होता, ती पोरं.

जुल्दे महिनाभर घरात बसून होता. मशीन चेपलं गेलेलं, त्याचा पत्रा तो ठोकून सरळ करत बसायचा. एका दुपारी हातोडी ठेवून म्हणाला, "आई, मी जातो."

"कुठे? त्या आखूड विजारवाल्याकडे? अरे, तू त्याच्यावर सगळ्यात मोठ्याने हसायचास!"

"हसायचो."

"त्याचं पटतं का तुला? ढोल नको, गाणं नको?"

"नाही पटत. पण ट्रक परत येणार, आई. त्यांच्याकडे बंदुका आहेत, येरोकडे बंदुका आहेत. माझ्याकडे कात्री आहे."

तिने खूप बोलून पाहिलं. चिडवलं, शिव्या दिल्या, बापाची शपथ घातली. तो ऐकत राहिला आणि मग तिच्या पायांशी वाकून उठला. बाजरीची पेज त्याने संपवली, वरचं ताक प्यायला आणि वाडगा धुऊन ठेवला. एवढ्या वर्षांत त्याने कधी वाडगा धुतला नव्हता.

लष्कर त्या भागात दरमहा येऊ लागलं, आणि दर वेळी ते गेल्यावर येरोकडची माणसं वाढली. पुराचं पाणी पुन्हा चढेपर्यंत त्याच्या मोटरसायकलींची रांग क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दिसायची. मग त्याला तांदूळ आणायची गरज उरली नाही. तो हुकूम पाठवू लागला.

हुकूम घेऊन वुरो-बोकीत जुल्दे आला. बरोबर दोघे अनोळखी बंदूकवाले. तोंडावरून मुंडासं गुंडाळलेलं असलं तरी दिकोरेने त्याला चालीवरून ओळखलं. चिंचेखाली उभं राहून त्याने सांगितलं. लग्नात ढोल नाही. बायकांनी डोकी झाकायची. वेण्या घालणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी हे धंदे बंद करायचे. आवाज एकसुरी, पाठ केल्यासारखा. गावात वेण्या घालणारी आणि गाणारी एकच होती.

तो थांबला. सगळे दिकोरेकडे बघायला लागले. कुणाकुणाच्या डोळ्यांत जुनी वाट पाहणं होतं, आता म्हातारी काहीतरी बोलेल. आणि तिला सुचलंही होतं, चांगलं झणझणीत. पण गाव हसलं तर त्या दोघांपुढे तिच्या पोराचं काय होईल? तिने पदर ओढून डोकं झाकून घेतलं आणि खाली बघत राहिली. जुल्देच्या मुंडाशातून सुटकेच्या श्वासाचा आवाज आल्यासारखं तिला वाटलं. मग ते गेले.

त्यानंतर तो अधूनमधून एकटा यायचा, दुपारचा, तासाभरापुरता. जेवायचा. ती विचारायची, जेवण मिळतं का? तो म्हणायचा, मिळतं. एकदा तापाने फणफणलेला आला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. तिने त्याच्या केसांत बोटं फिरवली. उठल्यावर म्हणाला, "आई, शहरात निघून जा. टाक्को गेली, सगळे चाललेत."

"मी गेले तर तू कुणाकडे येशील?"

तो मुंडासं बांधून निघाला. त्यानंतर तो आला नाही.

गाव खरोखर रिकामं होत होतं. टाक्को जाताना निरोप घ्यायला आली होती, दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या होत्या. मागे उरली दोन-तीन म्हातारी माणसं. थंडीत लष्कराची हेलिकॉप्टरं आली आणि येरो मेला. शहराच्या रेडिओवर सांगितलं, टोळीचा कणा मोडला. त्या आठवड्यात दिकोरेने येरोसाठी दोन अश्रू गाळले. तो कसाही असला तरी चिडवल्यावर कान तापणारा पोरगा होता.

येरोच्या जागी आला तो उत्तरेकडचा, वाळवंटातला कुणी. त्याच्या मागे येरोपेक्षाही जास्त माणसं. तो गावातून गेला तेव्हा दिकोरेने वाटेत उभं राहून विचारलं, "माझा मुलगा जुल्दे, शिंपी, तुमच्यात आहे का?" त्याला तिची भाषा कळत नव्हती. त्याच्या बरोबरच्याने सांगितलं, "बायकांनी विचारायचं नसतं."

कोरड्या दिवसांत लष्करही एकदा आलं. या वेळचा अधिकारी तरुण होता, फुलानी होता. त्याने तिच्या अंगणात बसून पाणी मागितलं आणि नीट, अदबीने विचारलं, "मावशी, या गावातून किती जण गेले त्यांच्याकडे?"

"तुम्ही यायच्या आधी?"

"हो, आधी."

"एक. आणि तो परत आला होता."

अधिकाऱ्याने विचारलं, "आणि नंतर?"

दिकोरेने समोरच्या झोपड्यांकडे हात केला. काहींची छपरं खचली होती, एकीत शेळी शिरली होती. त्याने पाणी संपवलं, टोपी घातली, आणि जाताना हळूच म्हणाला, "आमच्या गावातही असंच झालं, मावशी." तिला त्याला काही तरी म्हणावंसं वाटलं, पण ट्रकचा भोंगा वाजला.

पाणी परत चढलं की बोझो जमातीचे कोळी नावा घेऊन गावाच्या कडेने जातात. त्यातला एक ओळखीचा, दूरवरूनच वल्हं थांबवून हाक घालतो. दिकोरे काठावर येते. ख्यालीखुशालीची विचारपूस तर पुरी व्हायलाच हवी.

"घर कसं आहे?"

"बरं आहे."

"गुरं कशी आहेत?" तिच्याकडे कधीच गुरं नव्हती, पण विचारायचं असतं.

"बरी आहेत."

"शेजारी?"

"बरे आहेत."

"लेक कसा आहे?"

"बरा आहे," ती मोठ्याने सांगते, आवाज पाण्यावरून पोचावा म्हणून. "सगळं बरं आहे. तुझी बायको कशी आहे? जाळी कशी आहेत?"

आणि तो उत्तरं देत देत वल्हवत पुढे जातो.