काकांना कळेल का?

आमच्या धंद्यात आधी एक खोटा माणूस तयार करावा लागतो. अ‍ॅप करायचं ठरलं की ते वापरणार कोण, हे पहिल्यांदा ठरवायचं. मग त्या माणसाला वय द्यायचं, गाव द्यायचं, चार सवयी द्यायच्या, इंटरनेटवरून एखादा फोटो उचलून चिकटवायचा आणि हा सगळा ऐवज एका कार्डावर छापून भिंतीला लावायचा. पुढे बैठकीत कुणी जास्त शहाणपणा करायला लागलं, की त्या कार्डाकडे बोट दाखवून विचारायचं, याला हे कळेल का? देव्हाऱ्यातल्या देवाला कौल लावावा तसंच ते. फक्त आमचा देव आम्हीच बनवलेला असतो.

अमरावतीत राजकमल चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं चार जणांचं ऑफिस आहे. डिझायनर स्क्रीन आखतो, मी त्यावरचा मजकूर लिहिते. कुठल्या बटनावर काय लिहायचं, नेट गेलं तर काय सांगायचं, चूक झाली तर कशी कबूल करायची, हे माझं काम. नातेवाइकांना हे समजावून सांगितलं की ते नीट ऐकून घेतात आणि विचारतात, ‘ते ठीक आहे, पण दिवसभर काय करतेस?’ मी उत्तर द्यायचं केव्हाच सोडून दिलं आहे.

अकोल्याच्या एका कंपनीला संत्रा बागायतदारांसाठी अ‍ॅप हवं होतं. बागेला पाणी कधी द्यायचं, फुलं यावीत म्हणून ते बंद करून बागेला ताण कधी द्यायचा, फळगळ सुरू झाली तर काय फवारायचं, असं सगळं त्यात होतं. कार्ड बनवण्याआधी दहा बागायतदारांना भेटून या, अशी त्यांची अट होती. मी चौघांना भेटले. दोघं मोर्शीकडचे, दोघं वरूडचे. त्यातल्या एकानं दोन तास बसवून जावयाचं गाऱ्हाणं सांगितलं आणि बागेचं काही विचारलं की ‘ते ठीकच हाये’ म्हणून पुन्हा जावयावर आला. उन्हं तापली होती, मला कंटाळा आला होता. उरलेल्या सहा जणांच्या जागी मी माझे बाबा घातले.

वरूडला आमची बाग आहे. बाबांना मी ओळखते, मग सहा परकी माणसं कशाला शोधायची, असा माझा हिशेब. कार्डावर लिहिलं: वय चौसष्ट, शिक्षण सातवी, मोबाइल आहे, टाइप करत नाही, बोलून निरोप पाठवतो. सांगितलेलं ऐकत नाही, पण लक्षात ठेवतो. फोटोसाठी फुकटात मिळाला तो माणूस लावला. त्याच्या डोक्याला असा फेटा होता की वऱ्हाडात तो नवरदेवसुद्धा बांधणार नाही. ऑफिसात सगळे त्याला ‘काका’ म्हणायला लागले. ते काका कोण, हे मी कुणाला सांगितलं नाही.

माझ्याकडे एक तक्ता होता. अ‍ॅपमधलं प्रत्येक वाक्य एकेका ओळीत आणि शेवटच्या रकान्याला मथळा ‘काकांना कळेल का?’ तिथे हो किंवा नाही भरायचं. हा रकाना मात्र मी प्रामाणिकपणे भरत होते. दुपारी डबा खाऊन झाला की एका स्क्रीनचा फोटो बाबांना पाठवायची. तासाभरात त्यांचा बोललेला निरोप यायचा. बाजेवर आडवे होऊन बोलत असणार, कारण मधूनच जांभई ऐकू यायची. मागे आईचं काहीतरी पुटपुटणं चालू असायचं. मला वाटायचं, पोथी वाचत असेल.

‘नोंद जतन करा’ या बटनावर ते म्हणाले होते, “जतन म्हनजे काय? लोनचं हाये का ते? लिहून ठेवा म्हन ना सरळ.” आणि ‘काहीतरी चूक झाली’ या वाक्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “कोनाची? माही का तुमची?” मी ते वाक्य बदलून ‘आमच्याकडून चूक झाली, थोड्या वेळानं पुन्हा पाहा’ असं केलं. बैठकीत हे किस्से मी काकांच्या नावावर सांगायची. लोक पोट धरून हसायचे आणि मजकूर मंजूर व्हायचा.

एकशे बारा ओळी झाल्या आणि बाबा गेले. सकाळी बागेत पाणी पाहून आले, चहा मांड म्हणाले, चहा येईपर्यंत संपलं होतं. तेरवीच्या पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला. छापायला जाण्याआधी त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि ‘दुःखद’मधला विसर्ग पुन्हा पुन्हा तपासला. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते. मला काही वाटतच नव्हतं, आणि काही वाटत नसलं की कामं भराभर होतात.

परत ऑफिसला आले. वडील वारले हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे दोन दिवस हळू आवाजात बोलले, तिसऱ्या दिवशी डिझायनरनं एक स्क्रीन पुढे केला आणि सवयीनं विचारलं, “काका काय म्हणतील याला?” त्याची काय चूक? मी भिंतीकडे पाहिलं. फेटेवाला हसत होता. मी म्हणाले, “काका म्हणतील, बटन मोठं करा.” त्यानं बटन मोठं केलं.

मग तसंच चालू राहिलं. काकांना हे आवडेल, काकांना ते पटणार नाही. सगळं वर्तमानकाळात आणि भविष्यकाळात. मी बाबांच्या आवाजात उत्तरं देत होते आणि माझ्या आत काही हलत नव्हतं. उरलेल्या अडतीस ओळींच्या शेवटच्या रकान्यात मी एका दुपारी वरून खालपर्यंत ‘हो’ भरून टाकलं. एक ‘हो’ लिहिला आणि माऊसनं खाली ओढला. अडतीस वेळा लिहावंही लागलं नाही.

आईला फोन करणंही कमी झालं होतं. घरात तो एकच मोबाइल, बाबांचा. म्हणजे आईशी बोलायचं तर ‘बाबा’ या नावावर बोट दाबायचं आणि ‘बाबा’ असं लिहिलेल्या स्क्रीनकडे बघत रिंग ऐकायची. नाव बदलता आलं असतं. दिवसभर दुसऱ्यांच्या स्क्रीनवरचे शब्द बदलणारी मी, तो एक शब्द बदलत नव्हते. त्यापेक्षा फोन न करणं सोपं होतं. आत्या आहे तिच्यासोबत, असं मनाला सांगायची. आत्या परत जाऊन तीन आठवडे झाले होते, हेही मला माहीत होतं.

काम संपत आलं तेव्हा अकोल्याला शेवटची बैठक ठरली. बडनेऱ्याहून गाडी धरून मी एकटीच गेले. कंपनीचे साहेब दिलदार माणूस, मूळचे तिकडच्याच एका खेड्यातले. त्यांनी सगळा तक्ता वाचला होता. ‘कोनाची? माही का तुमची?’ हे तर ते त्यांच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला ऐकवून झाले होते.

“मॅडम, एक सांगू का?” ते म्हणाले. “हा मानूस खरा हाये. बनवलेला मानूस असा बोलत नाई. कोन आहेत हे?”

“वरूडचे आहेत,” मी म्हणाले.

“मंग त्यायलेच आना ना उद्घाटनाले! आमी कोन मोठे लागून गेलो? त्यायच्या हातानं पयलं बटन दाबू. गाडी पाठवतो मी वरूडले.”

खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘ते आता नाहीत,’ एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. चूक झाली तर ती कशी सांगायची, याचेच लोक मला पैसे देत होते. मी म्हणाले, “विचारते.”

स्टेशनवर आले. परतीच्या गाडीला पाऊण तास होता. ‘विचारते’ म्हणून आले होते खरी, पण विचारायचं कुणाला? बाकावर बसून मी मोबाइल काढला आणि ‘बाबा’ दाबलं.

“जेवली का?” आईनं उचलल्या उचलल्या विचारलं.

“हो.”

“खरं सांगून राहिली का?”

“नाही.” मग मी सगळं सांगितलं. कार्ड, फेटेवाला, चौघांना भेटून दहा दाखवले ते, आणि साहेबांचं निमंत्रण. “बाबांची उत्तरं त्यांना फार आवडली आहेत. ते लोणच्याचं, ते चुकीचं.”

 मग आई म्हणाली, “लोनच्याचं तं माहं होतं.”

“म्हणजे?”

“तुह्या बाबाले कुठी दिसे बाप्पा त्या मोबाइलमधी? मोतीबिंदू होता ना दोनी डोयाले. दिवाळीनंतर काढू म्हनत होते. तू फोटो पाठवला का मी वाचून दावो अन् ते बोलत. कई कई मी सांगो तेच बोलत.” मग तिनं भर घातली, “चूक कोनाची, हे मात्र त्यायचं होतं. ते मी नाई म्हनलं.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगू नको म्हनत. पोरगी म्हनन बाप आंधळा झाला, अन् फोटो पाठवनं बंद करन.”

मला राग आला. आधी बाबांचा, मग आईचा. मग वाटलं, मला कळायला नको होतं? लोणचं बाबांना सुचणारच नव्हतं. बरणी कुठल्या फळीवर असते हे त्यांना जन्मात ठाऊक नव्हतं. आणि निरोपात मागे जे पुटपुटणं यायचं ती पोथी नव्हती, माझाच मजकूर होता. आई एकेक अक्षर लावून वाचत होती आणि मला ते नीट ऐकावंसंही वाटलं नव्हतं.

“सांगून टाक त्या साहेबाले खरं,” आई म्हणाली. “अन् मले नको नेऊ कुठी स्टेजवर. पन एक सांग. आता काहून नाई पाठवत तू फोटो? मी रोज जेवन झालं का चष्मा घेऊन बसते.”

 दोन महिने मी समजत होते की माझा वाचणारा गेला. वाचणारी वरूडला बाजेवर चष्मा घेऊन बसली होती, आणि मी तिच्या वतीनं अडतीस वेळा ‘हो’ ओढून ठेवला होता.

“पाठवते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

साहेबांना निरोप लिहायला घेतला. चार वेळा खोडला. शेवटी उरलं ते असं: ‘काका म्हणजे माझे वडील. दोन महिन्यांपूर्वी गेले. दहा जणांना भेटायचं होतं, मी चौघांनाच भेटले. चूक माझी.’ गाडी लागता लागता त्यांचं उत्तर आलं. आधी ‘अरे बाप रे’, आणि थोड्या वेळानं, ‘उरलेल्या सहा जणांना भेटून या. तोवर उद्घाटन थांबवतो.’ 

खिडकीजवळ जागा मिळाली. एकशे तेराव्या ओळीचा स्क्रीन काढला. ‘बागेचा ताण तोडण्याची वेळ झाली आहे. पाणी सोडण्याचे नियोजन करा.’ पुढे माझा ‘हो’. फोटो पाठवून दिला आणि मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

मूर्तिजापूरच्या अलीकडे निरोप आला. आईनं पहिल्यांदाच स्वतः बोलून पाठवला होता. शाळेत बाईंसमोर उभं राहून म्हणावं तशी बोलत होती.

“हे वाचलं मी. ताण तोडा हे कळलं. पन नियोजन करा म्हनजे काय करावं मानसानं? पानी सोडा म्हना ना. अन् उद्यापासून दोन दोन पाठवत जाय. एका फोटोत दिवस जात नाई.”

मी तो पुन्हा ऐकला. मागे कुणी नव्हतं. जांभई नाही, बाजेची कुरकुर नाही, नुसता तिचा आवाज आणि ती थांबली की रिकामं घर. तेव्हा मी रडले. चांगली मोठ्यानं रडले, तेरवीला आलेल्या माणसांनी पाहिलं असतं तर त्यांचं समाधान झालं असतं. समोरच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

मग तक्ता उघडला. एकशे तेराव्या ओळीतला ‘हो’ खोडून ‘नाही’ लिहिलं. दुसरा फोटो उद्यासाठी न ठेवता तेव्हाच पाठवून दिला.