कोंडाजी मास्तरांची जोळ

एखादा देश वर येतो आणि दुसरा तिथंच का घुटमळतो, या एका प्रश्नापायी कोंडाजी मास्तरांनी जन्म घालवला. उरणच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी खोड जाईना. बायको गेली, मुलगा कुलदीप पुण्याला; घरात उरले मास्तर आणि तो प्रश्न. बरं, प्रश्न काही जेवायला सोबत बसत नाही!

वाद घालायला माणूस एकच, नझीर. बाजारात त्याचं दोरखंडांचं दुकान होतं. संध्याकाळी खाडीच्या बांधावर बसून दोघे हमरीतुमरीवर यायचे. नझीर म्हणायचा, "सगळा खेळ जागेचा, मास्तर. ज्याच्या दारात खोल पाणी, त्याच्या घरात बरकत."

मास्तर उसळायचे. "पाणी तर आजोबांच्या वेळीही होतं! देश उभा राहतो तो माणसांनी पाळलेल्या नियमांवर. आमची जोळ बघ."

जोळ म्हणजे गावाची रीत. उधाणानं बांध फुटून खांड पडली, की हाळी द्यायची. घरटी एक माणूस घमेलं घेऊन हजर, आणि भरतीच्या आत खांड बुजलेली. समुद्र मागे सारून इथली भातशेती अशीच उभी राहिली. गाव करी ते राव न करी. हाळीला जिथं माणूस येतो तोच देश वर येतो, असं मास्तर छातीठोक सांगायचे.

पुढे नझीरला त्याचा मुलगा उझैर दोहाला घेऊन गेला. मग दर शुक्रवारी नमाजनंतर फोन, आणि फोनवर तोच वाद. मास्तर गुरुवारपासून मुद्दे घोळवत बसायचे. आठवड्यात त्यांच्याशी कोणी मनापासून बोलायचं, ते तेवढंच.

गेल्या अमावस्येच्या उधाणाला बांधाला खांड पडली आणि मास्तर हरखलेच. शेतात खारं पाणी शिरतंय नि हा माणूस खूश, आता काय म्हणावं! त्यांनी नझीरला फोन करून ठणकावलं, "शुक्रवारी जोळ काढतो. मग बघ कोण खरं ते."

शुक्रवारी ओहोटीला त्यांनी गावभर हाळी दिली. निम्म्या घरांत भाडेकरू, ट्रकवाले. त्यांना जोळ कशाशी खातात तेच ठाऊक नाही. शेजारची बायजा तेवढी ओट्यावर आली.

"मास्तर, पोरं बंदरावर ड्युटीला गेलीत. जेसीबी बोलवा, वर्गणी देतो आमी."

"जोळीला वर्गणी चालत नाही, बायजा. माणूस लागतो."

"मानूस कुठून आनू? शिका नि भायेर पडा, असं पोरांना तुमीच सांगितलंत न्हाय का? पडली भायेर."

तिनं काही टोमणा मारला नव्हता. पण शिक्षणानं देश वर येतो, हेही मास्तरांनीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

ते एकटेच बांधावर गेले. चिखल कापून खांडीत टाकू लागले. जोळीत हातोहात घमेली येतात म्हणून चिखल ठरतो; इथं दुसरं ढेकूळ आणेपर्यंत पहिलं वाहून जात होतं. गावाकडे बघून बघून मान दुखली. दुपारी भरतीचं पाणी मांड्यांपर्यंत चढलं, तेव्हा ते मुकाट्यानं बाजूला झाले. आपलं आता कोणी नाही, हे त्यांना फार लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. "काय मास्तर! आले का लोक?"

खरं सांगितलं असतं तर नझीरनं तासभर चिडवलं असतं, तेवढीच सोबत झाली असती. पण सगळ्या जन्माचं म्हणणं असं चिखलात टाकून देववेना.

"आले ना," मास्तर म्हणाले. "घरटी एक. खांड बुजली."

नझीर मोकळेपणी हसला. "सुभानल्ला! मानलं बुवा, तुम्हीच खरे. चला, एवढ्या वर्षांचा वाद मिटला एकदाचा. आता मी कशाला तुमचं डोकं खाऊ!"

"हो, मिटला," मास्तर म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी मास्तर ताटावर न बसता फोनजवळ बसून होते. दिवेलागण झाली. फोन आला नाही.