मामा जिन्यात होता

संघर्षला लग्नाला बोलवायचं म्हणजे डोक्याला ताप. माणूस लाखातला, पण एका जागी बसेल तर शपथ. रांजणगावच्या एका कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन, आणि तिथले इमर्जन्सी दिवे त्याच्या अंगावर. वीज गेली की बॅटरीवर पेटून माणसांना बाहेरची वाट दाखवतात, ते दिवे. त्यामुळं कुठल्याही इमारतीत शिरला की आधी हा मान वर करणार. एकदा मेहुण्याला बघायला दवाखान्यात गेला, तर पेशंट राहिला बाजूला आणि हा स्टुलावर चढून दिव्याचं बटण दाबतोय. त्याची आई रंभाबाई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी हायच, पर डोळ्याला बी हाय.

आता ते मेहुणे राहिले नाहीत. त्यांच्या मुलीचं, भाग्यश्रीचं लग्न रविवारी दौंडच्या कार्यालयात होतं. बाप गेल्यापासून तिला संघर्षमामाच काय तो. मंचावर मला मामानंच आणायचं, हे तिनं शाळेत असतानाच सांगून ठेवलेलं.

पण घोळ झाला तो आदल्या संध्याकाळीच. ह्या दिव्यांची एक कटकट असते. बटण दाबून दिवा पेटतो का, एवढं कुणीही बघेल. खरी तपासणी म्हणजे वीज बंद करायची आणि दिवे तीन तास दम धरतात का ते बघत बसायचं. धरला तर पास. पण पास झालेल्या दिव्याची बॅटरी पार रिकामी होते, आणि ती भरायला पुरा दिवस लागतो. तोवर दिवा असून नसल्यासारखा. म्हणून हे काम सुट्टीच्या आदल्या दिवशीच करायचं. संघर्षनं पुढच्या शनिवारचं काम ह्याच शनिवारी उरकलं. का, तर लग्नात डोकं शांत राहावं. झालं भलतंच.

सकाळी कार्यालयात फेटे बांधणं चालू होतं, तेवढ्यात सत्यजीत सुपरवायझरचा फोन आला.

"दादा, तुमची शिडी जिन्यात पडलीया. कुठं ठिवू?"

"ठिव कुठं बी. आज सुट्टी हाय, कुणाला आडवी येतीया?"

"सुट्टी कसली? अर्जंट माल निघालाय. वरच्या मजल्यावर पॅकिंगच्या समद्या बाया आल्यात."

जिन्यातले दिवे तर संघर्षनं कालच रिकामे केलेले. तो जिना बिनखिडकीचा. दिवे गेले की भर दुपारी विहिरीत उतरल्यागत अंधार. शिवाय सुट्टीच्या दिवशीच वीजवाले लाईनचं काम काढतात.

"जनरेटर हाय की," सत्यजीत म्हणाला.

"आग लागली तर जनरेटर बी बंद करावा लागतो, बाबा. जिन्यात टॉर्च घिऊन एक माणूस हुबा कर."

"करतो, करतो."

ते 'करतो' संघर्षनं आजवर शंभरदा ऐकलं होतं. ते कधी होत नसतं. तो खुर्चीवर बसला, उठला, दारापर्यंत गेला, परत आला. फेटा बांधणाऱ्यानं वैतागून सोडून दिलं. पुन्हा फोन लावला तर सत्यजीत उचलेना. दिवे आपणच रिकामे केलेत, हे काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी तो बहिणीसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, मला जावं लागतंय."

सुरेखाताईला आधी चेष्टाच वाटली. मग तिचा चेहरा उतरला. "पोरीला काय सांगू मी? दिव्यासाठी मामा पळाला म्हणून?"

भाग्यश्री आतल्या खोलीत लग्नाची पांढरी साडी नेसत होती. तिला तोंड दाखवायची हिंमत त्याला झाली नाही. मोटारसायकल काढली आणि न्हावऱ्याच्या रस्त्यानं सुटला. वाटभर त्याला रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता.

कारखान्याच्या जिन्यात अर्थातच कुणी नव्हतं. शिडी तेवढी कडेला लावलेली. संघर्ष वळणावर टॉर्च घेऊन उभा राहिला. ट्यूबलाईट जरा फडफडली की त्याचा अंगठा टॉर्चच्या बटणावर जायचा. शेवटी त्यानं टॉर्च पेटवूनच ठेवला. दौंडमध्ये आता बुद्धवंदना चालू असेल, आता माईकवर मुलीच्या मामाला हाका मारत असतील. पॅकिंगमधल्या सिंधूबाई चहाला खाली आल्या, त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "काय हो, जिना पळून जाईल व्हय?" तो नुसता हसला. बसा म्हणाल्या, तर बसलाही नाही.

वीज गेली नाही. दिवसभरात एकदासुद्धा नाही. सुट्टी झाली, बाया गप्पा मारत, डबे वाजवत त्याच्या अंगावरून उतरल्या आणि बाहेर पडल्या.

तो शेवटी गेटवर आला, तर समोर फुलांनी सजवलेली गाडी. सासर कवठे येमाईचं, पण वाट वाकडी करून भाग्यश्रीनं नवऱ्याला, सम्राटला इथं थांबायला लावलं होतं. लेकीला पोचवायला निघालेली सुरेखाताई पुढच्या सीटवर, तोंड फिरवून बसलेली.

भाग्यश्री खाली उतरली. "लाईट गेली व्हती का, मामा?"

"न्हाई गं. गेलीच न्हाई." त्यानं मान खाली घातली. "उगंच आलो मी."

"गेली असती तर?"

संघर्षनं वळून कारखान्याकडं बघितलं.

"चुलते म्हणत व्हते, मी आणतो तुला. मी न्हाई म्हणले. एकटीच चालत गेले मंचापातूर." तिचे डोळे भरले होते, पण ती रागावलेली नव्हती. "आता गाडीपातूर तरी न्या."

गाडी अगदी जवळच होती. संघर्षच्या हातातला टॉर्च उन्हातही पेटलेलाच होता. तिनं तो काढून घेतला, बंद केला आणि मामाचा हात धरला. सुरेखाताईनं आतूनच दार उघडलं.