न्यायाधीशाची खुर्ची आणि देवळेकर सर

ॲडव्होकेट माधवराव देवळेकर सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती मी त्यांना सर्वांदेखत खाली बसवलं तेव्हा. पंधरा वर्षं झाली, पण आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मी तेव्हा कापडे गावाहून एसटीने महाडला कायदा शिकायला येत होते. वर्गात तोंड उघडलं की 'नाय', 'हाय' बाहेर पडे आणि मागच्या बाकांवर हशा पिके. शेवटी मी बोलणंच बंद केलं. तोंड न उघडणारी वकील काय कामाची? शिक्षण सोडायचं ठरवलं आणि विद्यार्थी मंडळाकडून मागवलेली पुस्तकं परत करायला एका रविवारी प्रथमच मंडळाच्या खोलीवर गेले. अभिरूप न्यायालय, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याचा सराव, सुरू व्हायचा होता. दारातच एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी विचारलं, "सगळी वाचून झाली?"

"नाय. शिक्षण सोडतेय."

"असं? पण आज नवीन तुम्हीच आहात. नव्या माणसाने न्यायाधीश व्हायचं, हा मंडळाचा नियम आहे. पुस्तकं ठेवा आणि बसा खुर्चीत."

मला 'तुम्ही'! मी चाटच पडले आणि मुकाट्याने बसले.

खटला भातखाचरांचा होता. वरच्या शेतकऱ्याने न सांगता बांध फोडला आणि खालच्याची लावणी वाहून गेली. ते गृहस्थ वरच्याचे वकील. कलमांवर कलमं, थांबायचं नाव नाही! माझं डोकंच फिरलं. "तुमचं बोलणं झालं, बसा खाली! त्याची लावणी गेली हाय, आन् तुम्ही कलमं कसली सांगता?"

ते मान लववून बसले. कुणीही हसलं नाही. बांध फोडण्याआधी खालच्याला हाक मारावीच लागते, हे माझ्याच बोलीत सांगून मी निकाल दिला. मग कळलं, हेच देवळेकर सर, मंडळाचे संस्थापक आणि महाडचे नामांकित वकील! माफी मागायला गेले, तर त्यांनी पुस्तकं परत माझ्याच हातात ठेवली. "निकाल योग्य होता. पुढच्या रविवारी या." घरी आबांनी कपाळाला हात लावला. "एवढ्या मोठ्या मानसाला खाली बसवलंस गो?"

पुढच्या रविवारी गेले आणि जातच राहिले. वरंधची, कशेडीकडची मुलं माझ्यासारखीच बोलत, आणि सर सगळ्यांना अहो-जाहो करत. मला माझी माणसं तिथे मिळाली. आज मी महाडच्या न्यायालयात वकिली करते.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी मंडळाची जुनी इतिवृत्ताची वही चाळली आणि हबकलेच. त्या रविवारच्या आधीच्या प्रत्येक पानावर 'न्यायाधीश: देवळेकर'. त्या दिवशी माझं नाव आणि खाली सरांच्या अक्षरात, 'नवा नियम, आजपासून.' अहो, नियम-बियम काही नव्हताच! मी तडक सरांना फोन लावला.

"पुस्तकं परत येत होती," सर शांतपणे म्हणाले, "मग काय करणार?"

तेव्हापासून प्रत्येक नवं मूल त्या खुर्चीत बसत आलं आहे.

सर, पंचाहत्तरीनंतरही आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभावं, ही त्या खुर्चीत बसलेल्या आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. आणि पंधरा वर्षांपूर्वीचा माझा तो हुकूम मी आज मागे घेते. तुमचं बोलणं झालेलं नाय. उभे राहा.